खाटेची सायकल : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले. आता हात घालायला हरकत नाही.

हे सगळं कशासाठी, ते आधी लिहून ठेवतो, कारण घरात दर दोन दिवसांनी विचारणा होते. बावीस वर्षं सोलापुरात नीलम नगरातून एमआयडीसीत सायकलनं जातोय. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे लूम (यंत्रमाग) बंद पडला की पाना घेऊन पळणारा माणूस. दिवसभर वाकून काम, आणि जाता-येता ती टोकदार सीट. दोन वर्षांपासून माकडहाड दुखतंय. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. बायको म्हणाली, "अहो, आता तरी स्कूटर घ्या की." मला दोन्ही पटलं नाही. दुखतंय सीटमुळे, मग सायकल का सोडायची?

रिकंबंट सायकलचे फोटो पुतण्यानं मोबाइलवर दाखवले. पाठ टेकून बसायचं, पाय समोर, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. विकत घ्यायची तर किमती ऐकूनच बायको हसली. म्हणून घरीच.

ही कल्पना नवी मुळीच नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाच्या माणसानं अशी सायकल बनवली आणि १९३३ साली फ्रान्सिस फोर तिच्यावर बसून पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. आधीचा ऑस्कर एगचा विक्रम ४४.२४७ चा होता आणि तो १९१४ पासून कुणाला मोडता आला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सायकलची व्याख्याच बदलली आणि ही जात शर्यतीतून बाद केली. फोर हरला असता तर व्याख्येला कुणी हात लावला नसता.

आजचं काम फक्त मापाचं. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो, पाय सरळ. पुतण्यानं भिंतीपासून तळव्यापर्यंत टेप धरला : १०३० मिलिमीटर. सगळी सायकल या एका आकड्याभोवती उभी राहणार. उभ्या सायकलीला सीट वर-खाली करून भागतं. इथं पाठ एका जागी खिळलेली, त्यामुळे पायडलच पुढे-मागे सरकायला हवं.

१७ नोव्हेंबर

भंगारात फेरी. २६ इंची गिअरची सायकल ९०० रुपयांना मिळाली. फ्रेम वाकलेली, पण मागचं चाक, गिअर आणि क्रँक (पायडलची दांडी) ठीक. लहान मुलाची २० इंची ३५० ला. तिचा पुढचं चाक धरणारा चिमटा चांगला आहे, चाक आऊट आहे, म्हणजे डुगडुगतं, पण ते सरळ करता येईल. चौकोनी पाइप ३८ मिलिमीटरचा, १६ गेज, तीन मीटर. दुकानदार म्हणाला, ग्रिल करूलालाव का? हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

२४ नोव्हेंबर

जुन्या फ्रेमी कापल्या. ग्राइंडरचा आवाज शेजाऱ्यांना दुपारी दोन वाजता आवडला नाही, ते त्यांनी सांगितलंही.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. क्रँकचा एक्सल ज्या नळीत बसतो त्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेटच्या) नळीला दोन बाजूंना दोन तऱ्हेचे आटे असतात. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा. पायडल मारून तो सैल होऊ नये म्हणून ही व्यवस्था. नळी कापून हातात आली की दोन्ही टोकं दिसायला सारखी. उलटी जोडली तर सायकल चालेल, आणि कप रोज थोडा थोडा सुटत जाईल. म्हणून कापायच्या आधीच उजव्या टोकावर खडूनं मोठा 'उ' काढला. संध्याकाळी रॉकेलनं पुसताना तो 'उ' मीच पुसून टाकला. मग जुना कप फिरवून पाहून, पंचनं खूण ठोकली.

पायडल बसणारी पुढची दांडी सरकती केली आहे. ३८ च्या पाइपात ३२ चा घालायचा. मध्ये जवळजवळ तीन मिलिमीटरची फट राहते, पाइप खडखडतो. लूमच्या जुन्या पत्र्याच्या पट्ट्या कापून दोन बाजूंना सारल्या, वरून दोन बोल्ट. आता हलत नाही.

१ डिसेंबर

वेल्डिंग. मित्राच्या शेडमध्ये सीओटू गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन आहे आणि ते चालवणारे अण्णा. ते गेट बनवतात, जिने बनवतात, सायकल पहिल्यांदाच. घरी माझ्याकडे साधं आर्क मशीन आहे, पण या जाडीच्या पाइपाला मी भोकं पाडणार हे मला माहीत होतं.

अण्णांची पद्धत बघण्यासारखी. सरळ टाका ओढत नाहीत. चारही बाजूंना एकेक ठिपका टॅक, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं. एका बाजूनं सलग भरलं की निवताना ते पाइपाला आपल्याकडे ओढून घेतं. दर दोन टाक्यांनी मी हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत सुतळी ताणून दोन्हीकडचं अंतर मोजत होतो. शेवटी दोन मिलिमीटरचा फरक राहिला. अण्णा म्हणाले, "तुझ्या लूमला चालतंय का बे दोन मिलिमीटर?" नाही चालत. त्यांनी उलट्या बाजूला एक जादा टाका दिला आणि फरक अर्ध्यावर आला. तेवढ्यावर थांबलो.

हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन मी ६२ अंश ठेवला. फोटोत अशीच तिरकी दिसत होती. शिवाय माझा हिशोब असा, की ट्रॉलीचं फिरतं चाक मागे रेललेलं असतं म्हणून सरळ चालतं. जितकं तिरकं तितकं सरळ.

८ डिसेंबर

काही नाही. दोन लूमचे क्रँक शाफ्ट एकाच आठवड्यात गेले, सुट्टी त्यातच गेली.

१५ डिसेंबर

आज सीट, आणि आजचं श्रेय माझं नाही.

प्लायवूडची करायची ठरली होती. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा पाठीला प्लायवूड म्हणजे तव्यावर भाकरी. जाळीचं कापड बघत होतो. आई ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "खाटेला काय लावतोस? नवार लाव की." माळ्यावर जुन्या खाटेची नवार गुंडाळून ठेवलेली होती, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. सुती, दोन-अडीच इंच रुंद, अजून घट्ट.

मी अर्ध्या इंची गोल पाइपाची चौकट वाकवली होती, बसायला आणि पाठीला मिळून एल आकाराची. पाठ जमिनीपासून साधारण ४५ अंशांत. आईनं ती दोन पायांत धरली आणि आधी सगळ्या उभ्या पट्ट्या ओढल्या. प्रत्येक पट्टीला गाठ मारायच्या आधी ती अंगठ्यानं दाबून बघायची. सैल लागली की परत सोडायची. मग आडव्या, एक वर एक खाली. मी रोज पन्नास लूम चालताना बघतो, पण हे बघताना वाटलं, ताणा-बाणा म्हणजे काय ते आईला बोटांनी कळतं.

बसायच्या भागात मागे पोचल्यावर तिनं विचारलं, "तुला दुखतं नेमकं कुठं?" दाखवलं. तिथं दोन उभ्या पट्ट्यांमध्ये तिनं मुद्दाम तीन बोटांची फट सोडली आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जास्त ओढल्या. त्यावर बसलो. वजन दोन्ही कुल्ल्यांवर, माकडहाड हवेत. डॉक्टरांनी दिलेली मधे भोक असलेली रबरी गादी याच तत्त्वाची होती, हे बसल्यावर लक्षात आलं.

वरून सेकंड मालातला, म्हणजे विणीत दोष निघालेला, एक जाड टॉवेल. घाम आला की धुवायला टाकता येतो.

२२ डिसेंबर

चेन. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पूर्ण प्रकल्पात मला मनापासून आवडलेला हाच भाग.

एका साध्या चेनला माझ्या हिशोबानं ११६ कड्या. माझ्या सायकलीला क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत १४०० मिलिमीटर अंतर आहे. जाऊन-येऊन, पुढच्या ४४ दात्यांचा आणि मागच्या चक्राचा अर्धा वेढा, गिअरच्या दांडीचा झोल, हे सगळं धरून २६८ कड्या लागल्या. म्हणजे दोन अख्ख्या चेनी आणि तिसरीच्या ३६ कड्या. सायकलच्या दुकानात तीन चेनी मागितल्या तर पोरगा म्हणाला, "काका, तीन सायकली आहेत का?"

एवढी लांब चेन सीटखालून न्यायची तर वाटेत पुली लागते. मी नायलॉनचा गोळा आणून कारखान्याच्या लेथवर दोन पुल्या काढल्या, आत स्केटिंगच्या चाकातलं असतं ते २२ मिलिमीटरचं बेअरिंग. एक वरच्या चेनला, एक खालच्या चेनला. वरची जरा खाली लावली, सीटच्या पाइपापासून लांब राहावी म्हणून. स्टँडवर पायडल मारलं तर दळणाच्या गिरणीसारखा आवाज. दहा मिनिटांत नायलॉनवर चेनच्या कड्यांचे चर उमटले.

चहा पिताना डोक्यात आलं, की हे मी रोज बघतो. टॉवेलच्या लूमला दोन बीम, म्हणजे ताण्याचे रूळ, असतात. एकाचे धागे ताठ, कापडाच्या पायाचे. दुसऱ्याचे सैल, त्यांचे फासे वर उठतात आणि टॉवेलला लव येते. दोन्हींना एकच ताण दिला तर टॉवेल होणार नाही, सतरंजी होईल. चेनचंही तेच. वरची बाजू ताठ, सगळं बळ तिच्यातून. खालची नुसती परत येणारी. मी दोघींना सारखी पुली लावून बसलो होतो.

पुतण्या डिप्लोमाला आहे, मेकॅनिकल. त्यानं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. पायडलवर ५० किलोचा दाब, क्रँक १७० मिलिमीटर, चक्राची त्रिज्या ८९. म्हणजे चेनमध्ये ओढ साधारण ९५ किलो. चेन पुलीवर २० अंश वळत असेल तर पुलीवर ३३ किलो येतात, प्रत्येक पायडलला. वळण ६ अंशांवर आणलं तर १०. पुली मोठी कर, बेअरिंग भारी घाल, हे सगळं मी बोलत होतो. गरज होती ती फक्त पुली वर सरकवायची.

दोन इंच वर घेतली. सीटच्या पाइपाला खालून जरा घासावं लागलं. शिवाय नायलॉनच्या जागी जुन्या फ्रीव्हीलचं १५ दात्यांचं चक्र बसवलं, म्हणजे चेन घसरून घासत नाही, दात्यांवरून जाते. खालच्या बाजूची पुली काढूनच टाकली आणि चेन प्लास्टिकच्या पाण्याच्या नळीतून नेली. पँट काळी होत नाही हा वरचा फायदा. आवाज गेला. पूर्ण नाही, पण गिरणी बंद झाली.

२९ डिसेंबर

पहिली चाचणी. एमआयडीसीचा रस्ता, सकाळी सात, चिटपाखरू नाही. फक्त वॉचमन. "काय बे, खाट घेऊन कुठं निघूलालास?"

पडलो. चार वेळा. उजवा तळहात सोलला.

नुसतं शिकायचं राहिलंय म्हणून पडलो असतो तर लिहिलं नसतं. शिकायचं होतंच : उभ्या सायकलीवर आपण कमरेतून तोल सावरतो, इथं कंबर बांधलेली. पण दोष सायकलीतही आहे. हँडल सरळ असेपर्यंत ठीक. जरा वळवलं की चाक झोपेतल्या माणसासारखं कुशीवर लोळतं आणि हँडल हातातून ओढून नेतं. पुतण्या सीट धरून मागे पळत होता, त्यानं ढकलून वेग दिला तेव्हा सायकल चक्क सरळ गेली. मंदावली की परत लोळण. त्यात वळताना टाच पुढच्या टायरला घासते, तो आणखी एक धक्का.

संध्याकाळी हाताला हळद लावून बसलो. बायको काही बोलली नाही. स्कूटरचं कॅलेंडर मात्र भिंतीवर आलं.

१ जानेवारी

दोष सापडला. माझा ट्रॉलीचा हिशोब अर्धा बरोबर होता आणि म्हणूनच त्रास झाला.

हँडलच्या नळीची रेष तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे टेकते. या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल आहे म्हणून चाक आपोआप सरळ होतं. पण नळी जास्त तिरकी केली की चाक वळताना सायकलचं पुढचं टोक खाली बसतं. बसलं की वजन चाकाला आणखी वळवतं. वेगात ट्रेल जिंकतो, हळू असताना वजन.

माझं चाक २५३ मिलिमीटर त्रिज्येचं, चिमट्याचा बाक ४० मिलिमीटर. ६२ अंशांना ट्रेल ९० येतो. ७० अंशांना ५०. आठ अंशांच्या फरकानं जवळजवळ निम्मा. फोटो बघून कोन ठरवू नये, एवढं मला कळायला हवं होतं. लूमचा एकही भाग मी फोटो बघून बसवत नाही.

५ जानेवारी

अण्णांनी केलेला सुंदर टाका मीच ग्राइंडरनं कापला. ते शेजारी उभे होते. वाईट वाटलं असणार, पण म्हणाले, "काप की. परत करू."

पुठ्ठ्याचा ७० अंशांचा त्रिकोण कापून नेला होता. या वेळी दोन्ही चाकं लावून, माणूस वर बसवून, मग टॅक मारला, कारण टायरमध्ये हवा आणि वर माणूस असताना फ्रेम जशी उभी राहते तीच खरी. वर बसायला वॉचमन आला. कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा जोडला. सुतळी आणि ओळंब्यानं ट्रेल मोजला : ५२. चालेल.

पुढची दांडी वीस मिलिमीटर बाहेर काढली, टाच टायरपासून सुटली. गुडघा आता पूर्वीइतका वाकत नाही, तेवढंच बरं.

१३ जानेवारी

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते बंद, कारखान्यात निम्मी माणसं नाहीत. पोरांना पाळण्यात बसवून आणलं. काम शून्य.

१९ जानेवारी

चालते!

सुरुवातीची युक्ती अशी : एक पायडल वर, पाय त्यावर, पाठ सीटला पूर्ण टेकलेली, नजर लांब. मग एकच जोराचा रेटा आणि दुसरा पाय उचलायचा. खांदे आवळले की संपलं. पहिले दोन दिवस मी मान उचलून पुढचं चाक बघत होतो, आणि चाक बघितलं की चाकाकडेच जातो माणूस.

दुसरं, थांबायच्या आधी हलका गिअर टाकायचा. जड गिअरवर थांबलो तर परत निघता येत नाही, उभं राहून वजन टाकायची सोयच नाही. आसरा चौकात हे शिकलो. मागे रिक्षा, टमटम, एक उसाचा ट्रॅक्टर आणि मी मधे आडवा.

ब्रेक पुढचा जास्त लागतो. मागचा ब्रेक हात आखडेपर्यंत दाबला तरी सावकाश. केबल फार वळणं घेत जाते, ती सरळ न्यायची.

२६ जानेवारी

शाळेचं झेंडावंदन आटपून कुंभारीपर्यंत, अक्कलकोट रस्त्यानं. मागे बांबूच्या काडीला सेकंड मालातल्या पिवळ्या टॉवेलची पट्टी बांधली आहे. ट्रकच्या चाकाच्या उंचीवर आपलं डोकं असतं, तेव्हा हे काहीतरी फडफडतं हवंच. ट्रकवाले उलट जास्त जागा देऊन गेले. बहुतेक त्यांना अपंगांची गाडी वाटली असावी. मी हरकत घेतली नाही.

सपाटीवर आधीपेक्षा दोन-तीन किलोमीटर वेग जास्त, तोही कमी दमून. समोरचा वारा छातीवर येत नाही, तळव्यांवर येतो. चढावर मात्र लाज. पुलाच्या चढाला शाळेतली एक मुलगी साध्या सायकलीवर मला ओलांडून गेली आणि पुढे जाऊन वळून बघत राहिली. भंगारवाल्याच्या काट्यावर वजन साडेअठरा किलो भरलं होतं, त्याचा हिशोब चढ बरोबर वसूल करतो.

जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. उतरलो तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या, मान थोडी दुखत होती. माकडहाड नाही.

कुंभारीत चहाच्या टपरीवर सात-आठ जण गोळा झाले. एकानं विचारलं, किती ॲव्हरेज देते. दुसऱ्यानं बसून बघितलं, दोन पायडलं मारली आणि सावकाश बाजूच्या ज्वारीत गेला. नवारीला काही झालं नाही.

घरी आल्यावर आईनं सीट अंगठ्यानं दाबून बघितली. सुती नवार घामानं ओढली गेलीय म्हणाली. उद्या टॉवेल काढून ठेव, एकदा सगळी उपसून परत ओढू.